आगकाड्यांची मौज

दादासाहेब फाळके यांचे नाव घेतले की आपल्यापुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहतो. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक ही पदवी, १९६९ पासून त्यांच्या नावाने दिला जाणारा पुरस्कार आणि दरवर्षी ३ मेच्या सुमारास छापून येणारे जुने छायाचित्र, एवढ्यावर आपली ओळख संपते. मीही त्यांना एवढेच ओळखत होतो. परंतु त्यांच्या चित्रपटांची यादी वाचताना १९१५ सालच्या एका नावापाशी मी थबकलो. ते नाव होते 'आगकाड्यांची मौज'.

यात ना राजा, ना ऋषी, ना देव. आगपेटीतल्या काड्या पडद्यावर आपल्या आपण हालतात, एवढाच त्या छोट्या चित्रपटाचा विषय. काडी ठेवायची, कॅमेऱ्याने एक चित्र घ्यायचे, काडी केसभर सरकवायची, दुसरे चित्र घ्यायचे. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे लागत. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी हा उद्योग साडेनऊशेहून अधिक वेळा करावयाचा. फ्रान्समध्ये एमिल कोल या कलावंताने १९०८ मध्ये आगकाड्यांचा असाच खेळ केला होता. आपल्याकडे तो फाळक्यांनी केला. पंचेचाळीस वर्षांचा, मुलाबाळांचा, कर्जाने वाकलेला एक गृहस्थ काड्यांशी खेळत बसला आहे, हे चित्र माझ्या मनातून जाईना.

याला कारण आहे. आपल्यापैकी पुष्कळजण रात्री अभ्यास आटोपल्यावर (किंवा अभ्यास टाळून) दोन गोष्टी पाहतात. एक, कार्टूनच्या कौटुंबिक विनोदी मालिका, आणि दुसरी, भयपट. मीही त्यांपैकीच एक आहे. आमच्या या आवडीला वडीलधारी मंडळी पोरकट म्हणतात. एकात म्हणे नुसता धांगडधिंगा आणि दुसऱ्यात नुसत्या किंकाळ्या. परंतु या दोन गोष्टी मी एकाच बैठकीत का पाहतो, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. अमेरिकेत १९८९ पासून चालू असलेली 'द सिम्पसन्स' ही मालिका पाहा. त्यातला बार्ट इतकी वर्षे दहाचाच आहे. त्या घरात कोणाचे वय वाढत नाही. त्याच मालिकेत १९९० पासून जवळजवळ दरवर्षी एक भाग भुताखेतांचा असतो. त्या भागात याच माणसांची मुंडकी उडतात, ती मरतात, आणि पुढच्या आठवड्यात काही न झाल्यासारखी जेवणाच्या टेबलाशी येऊन बसतात. कार्टूनमधला प्राणी कड्यावरून पडतो, चपटा होतो आणि अंग झटकून उठतो, तेव्हा आपण हसतो. भयपटात तिरडीवरचा माणूस उठतो, तेव्हा आपली बोबडी वळते. घटना एकच आहे. जे हालू नये ते हालले आहे, जे संपले ते संपलेले नाही. मग एकदा हसू का आणि एकदा भय का? हे कोडे मनात ठेवून मी फाळक्यांचे चरित्र वाचले, आणि मला वाटते, उत्तराचा काही भाग त्या आयुष्यात आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. घर संस्कृत विद्येचे. वडिलांची इच्छा मुलाने शास्त्री व्हावे अशी असणे स्वाभाविक होते, पण मुलाचे हात सतत काहीतरी करण्यासाठी शिवशिवत. १८८५ मध्ये तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्यास गेला आणि तेथील कलाभवनात चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण, छपाई असे जे जे दिसेल ते ते शिकला. शिक्षणाचा असा फापटपसारा पाहून आजचे प्राध्यापकही कपाळाला हात लावतील. परंतु पुढे चित्रपट काढताना यांतली एकही विद्या वाया गेली नाही.

शिक्षणानंतर त्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. एकोणिसावे शतक संपत होते आणि प्लेग गावोगाव फिरत होता. त्या साथीत फाळक्यांची पत्नी आणि मूल दोन्ही गेली. चरित्रकार ही गोष्ट एका ओळीत सांगून पुढे जातात, कारण त्या काळी ती घरोघरची गोष्ट होती. मला मात्र ती ओळ ओलांडून चटकन पुढे जाता आले नाही. तिशीच्या सुमारास या माणसाचा संसार निम्मा नव्हे, सगळाच्या सगळा पुसला गेला होता.

यानंतर बडोद्यास त्यांनी पुन्हा छायाचित्रणाचा धंदा मांडला, तेव्हा नवेच संकट आले. कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो, अशी अफवा शहरात पसरली. लोक स्टुडिओची पायरी चढेनात. आज आपल्याला या समजुतीचे हसू येते. पण थोडा विचार केला तर ती अगदीच खुळी वाटत नाही. घरातले माणूस प्लेगने जाते आणि भिंतीवरच्या चौकटीतून ते आपल्याकडे पाहत राहते, हा अनुभव त्या पिढीला नवा होता. ज्याची पत्नी आणि मूल नुकतेच गेले होते, त्यालाच लोक प्राण शोषणाऱ्या यंत्राचा मालक समजत होते. एखाद्या भयपटाच्या लेखकालाही याहून निराळी सुरुवात सुचली नसती.

फाळक्यांनी लोकांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला, पण धंदा बसला. याच सुमारास ते जादूचे प्रयोग शिकले. आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून त्यांनी 'प्रोफेसर केळफा' असे नाव घेतले आणि त्या नावाने खेळ केले. मला हा त्यांच्या आयुष्यातला फार मोलाचा टप्पा वाटतो. लोक आपल्याला भितात, तर त्या भीतीचेच तिकीट लावावे, आणि शेवटी रुमाल झटकून सर्वांना हसवून घरी पाठवावे, ही जादूगाराची रीत आहे. भय आणि हसू यांच्यामध्ये किती पातळ पडदा असतो, हे त्यांना पुस्तकातून नव्हे, रंगमंचावर उभे राहून कळले असले पाहिजे.

१९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या सरस्वतीबाईंविषयी स्वतंत्र लेख लिहावा अशी त्यांची कामगिरी आहे. १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि नक्षानवीस म्हणून लागले. ती नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्याला छापखाना काढला, राजा रविवर्म्यांच्या मुद्रणालयासाठी कामे केली, मग छापखाना दादरला नेला, १९०९ मध्ये यंत्रे पाहण्यासाठी जर्मनीला जाऊन आले आणि पुढे भागीदारांशी न पटल्याने त्यातूनही बाहेर पडले. चाळिशी उलटलेली, हातात कला दहा आणि उत्पन्न शून्य.

अशा अवस्थेत १९११ मध्ये गिरगावातील अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी प्रथम चित्रपट पाहिला. पहिल्या दिवशी मुलाबरोबर प्राण्यांचा चित्रपट पाहिला, नंतर घरच्यांना घेऊन ख्रिस्ताच्या जीवनावरचा. ख्रिस्त पडद्यावर चालतो, तर आपले राम-कृष्ण का चालू नयेत, हा विचार तेव्हापासून त्यांच्या मनात बसला, असे सर्व चरित्रांत आढळते. त्यानंतरचे वर्ष त्यांनी वेड्यासारखे घालवले. मिळेल तो चित्रपट पाहावा, घरी लहानशा यंत्रावर फिल्मचे तुकडे लावून पाहावेत, झोप नावापुरती. परिणामी डोळे गेले. काही काळ त्यांना दिसेनासे झाले. दैव बलवत्तर म्हणून उपचारांनी दृष्टी परत आली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रपटाचे तंत्र पाहिले, विल्यमसन कॅमेरा विकत घेतला आणि एप्रिलच्या आरंभी परत आले.

परंतु पैसे कोण देणार? येथे त्यांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभर थोडी थोडी फिल्म खर्च केली. तयार झाली 'अंकुराची वाढ'. मातीतून कोंब वर येतो आणि मिनिटभरात वेल होतो. हे पाहून भांडवल देणारे पुढे आले. सरस्वतीबाईंनी दागिने गहाण ठेवले ते वेगळेच. माझ्या मते आपल्याकडच्या चित्रपटाची खरी सुरुवात या कुंडीपाशी होते. आमच्या कार्टूनमधला बार्ट तीस-पस्तीस वर्षांत एक दिवसही वाढत नाही, आणि फाळक्यांचा वाटाणा महिन्याची वाढ मिनिटात उरकतो. काळाला थांबवणे आणि काळाला पळवणे, दोन्ही एकाच यंत्राची करामत आहे.

'राजा हरिश्चंद्र'चे काम दादरला सुरू झाले. तारामतीसाठी स्त्री मिळेना, म्हणून एका उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके यांना लुगडे नेसवले. सरस्वतीबाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करीत, उन्हात पांढरी चादर धरून उजेड पाडीत आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोके पाडीत. रोहिदासाचे काम फाळक्यांचा मुलगा भालचंद्र करीत होता.

बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी वांगणी गावी गेली होती. तेथे खेळता खेळता भालचंद्र खडकावर पडला आणि बेशुद्ध झाला. सोबतच्या नटांनी त्याला ताबडतोब मुंबईस नेण्याचा सल्ला दिला. चित्रीकरणाचा जो भाग उरला होता, तो रोहिदासाच्या मृत्यूनंतरचा होता. फाळक्यांनी मुलावर जवळच्या औषधांनी उपचार केले आणि त्याच बेशुद्ध अवस्थेत त्याला प्रेत म्हणून ठेवून ते दृश्य पुरे केले.

हा प्रसंग फाळक्यांची निष्ठा दाखवण्यासाठी सांगितला जातो. मी तो पुन्हा पुन्हा वाचला आणि दर वेळी माझ्या अंगावर काटा आला. मी पाहिलेल्या कोणत्याही भयपटाने मला इतके अस्वस्थ केलेले नाही. ज्या बापाने एक मूल प्लेगमध्ये गमावले आहे, तो दुसऱ्या मुलाला निपचित पडलेले पाहतो आणि कॅमेऱ्याचा दांडा फिरवू लागतो. याला निष्ठा म्हणावे की आणखी काही? त्या क्षणी बडोद्याची ती अफवा खरी ठरल्यासारखी वाटते. यंत्र माणसाकडून काहीतरी शोषून घेतेच.

पण याच चित्रपटाचा शेवट आठवा. शंकर प्रकट होतात आणि रोहिदास उठून बसतो. भालचंद्रही उठला. आणि एकदा हा धागा हाती आल्यावर फाळक्यांची पुढची यादी मला निराळी दिसू लागली. १९१४ मधला 'सत्यवान सावित्री' घ्या. यमाच्या हातून नवऱ्याला परत आणणाऱ्या बाईची ती गोष्ट. पहिल्या चित्रपटात मेलेले मूल उठते, तिसऱ्यात मेलेला नवरा उठतो. या कथा त्या काळी सर्वांच्याच आवडीच्या होत्या, नाटककारांनीही त्या वापरल्या होत्या, त्यामुळे एकट्या फाळक्यांच्या दुःखातून त्या आल्या असे मी म्हणणार नाही. तरीही ज्याचे पहिले घर प्लेगने रिकामे केले, त्याच्या हातून या कथा पडद्यावर येताना त्याला काहीच वाटले नसेल, हे मानावयास माझे मन तयार होत नाही.

दुसऱ्या चित्रपटाची, 'मोहिनी भस्मासुर'ची, गोष्टही सांगण्यासारखी आहे. १९१४ च्या जानेवारीत तो मुंबईस लागला, तेव्हा त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी कामे केली होती. ज्याच्या डोक्यावर हात ठेवू तो भस्म होईल, असा वर मिळालेला राक्षस नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवतो, म्हणजे कथाच भयाची आणि हसण्याची. शिवाय त्याच्याबरोबर 'पिठाचे पंजे' हा छोटा विनोदी चित्रपट दाखवला जाई. एकाच तिकिटात राक्षस आणि विनोद! आमची रात्रीची बैठक याहून काय निराळी असते?

१९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. त्यांचे कौतुक झाले, तेथेच काम करण्याविषयी बोलणीही झाली, पण ते परत आले. तेवढ्यात महायुद्ध सुरू झाले आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला. मोठे चित्रपट काढता येईनात. या आडवर्षांत त्यांनी जे छोटे खेळ केले, त्यांत आपल्या आगकाड्या आहेत, 'लक्ष्मीचा गालिचा' आहे, प्रोफेसर केळफांची जादूही आहे. देव मागे राहिले, कारण देवांना मुकुट लागतात आणि मुकुटांना पैसे लागतात. आगकाड्यांना काही लागत नाही.

या काळात पुण्याशी त्यांचा संबंध दृढ झाला. 'राजा हरिश्चंद्र'ची फिल्म जळाल्यामुळे त्यांनी तो नव्याने काढला, आणि १९१७ च्या एप्रिलमध्ये तो लागला तो मंडईजवळच्या आर्यन चित्रपटगृहात. त्याच वर्षी 'लंका दहन'ही पुणेकरांनी आर्यनमध्येच पाहिला. आता ते चित्रपटगृह राहिलेले नाही. अण्णा साळुंके यांनी त्यात रामाचे आणि सीतेचे अशी दोन्ही कामे केली होती. शेपटीला आग लावून उड्या मारणारे माकड हे हसण्याचे दृश्य, आणि जळणारे नगर हे भयाचे. प्रेक्षकांनी ते दोन्ही एका श्वासात पाहिले.

१९१८ मध्ये नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षीच्या 'श्रीकृष्ण जन्म'मध्ये कंसाला मृत्यूचे भास होतात. त्याचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते आणि पुन्हा खाली येऊन जागेवर बसते. आमच्या कार्टूनमधल्या भुताटकीच्या भागांत मी असे प्रकार किती वेळा पाहिले असतील! परंतु कंसाचे मस्तक पाहून हसावे की भ्यावे हे मला ठरवता आले नाही, आणि तेव्हा मला माझ्या कोड्याचे उत्तर मिळाल्यासारखे वाटले. उठणारा मेलेला परका असला तर भय, खोटा असला तर हसू, आणि आपला असला तर भक्ती. वासना मात्र तिन्हींच्या मुळाशी एकच आहे. गेलेले परत यावे, ही ती वासना. फाळक्यांनी तिन्ही प्रकार करून पाहिले. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. पाण्याखाली सर्पाशी झुंजून ती वर येते. येथे मात्र बापाला बेशुद्ध मुलाचे चित्रण करावे लागले नाही, याचा मला वाचतानाही सुटकेचा आनंद झाला.

पुढची कथा उताराची आहे. भागीदारांशी मतभेद, कंपनीचा राजीनामा, काशीला प्रयाण, तेथे 'रंगभूमी' नावाचे नाटक लिहिणे, मग १९२२ मध्ये पुन्हा कंपनीत येणे. १९३१ मध्ये 'आलम आरा' आला आणि चित्रपट बोलू लागला. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मूक म्हणून तयार झाला आणि मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. कोल्हापूर सिनेटोनसाठी काढलेला 'गंगावतरण' १९३७ मध्ये आला, तो त्यांचा शेवटचा चित्रपट. तिकडे पुण्यात प्रभात कंपनीने 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा कार्टूनपट काढला होता. फाळक्यांच्या काड्यांना जणू नातू झाला होता, आणि आजोबा नाशिकला विस्मृतीत दिवस काढीत होते. चित्रपटसृष्टीच्या रौप्यमहोत्सवाच्या वेळी व्ही. शांताराम यांनी पुढाकार घेऊन निधी जमवला आणि त्यातून त्यांना नाशिकला घर बांधता आले, ही त्यातली एक समाधानाची गोष्ट.

तरी त्यांचे हात स्वस्थ नव्हते. १९४४ च्या आरंभी त्यांनी आणखी एक चित्रपट काढण्याची परवानगी सरकारकडे मागितली. युद्धकाळात त्यासाठी परवाना लागत असे. फेब्रुवारीच्या १४ तारखेला नकाराचे पत्र आले आणि १६ तारखेला त्यांचे निधन झाले. चौऱ्याहत्तरावे वर्ष चालू होते.

त्यांनी नव्वदांहून अधिक चित्रपट आणि पंचवीसच्या वर लघुपट केले. त्यांतले फारच थोडे उरले आहेत. जे उरले, ते पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आणि विशेषतः पी. के. नायर यांच्या खटपटीमुळे. 'कालिया मर्दन'चा बराच भाग, 'राजा हरिश्चंद्र'ची काही रिळे, 'श्रीकृष्ण जन्म'चा तुकडा, असे काही आपल्या हाती लागते. 'आगकाड्यांची मौज' मात्र नाही. मेलेले उठवणाऱ्या या माणसाच्या काड्या कायमच्या निजल्या.

जुनी फिल्म जळाऊ होती, हवेने कुजत होती, हे कारण खरे आहे. पण आणखी एक कारण असावे असे मला वाटते. देवांची चित्रे लोकांनी देव्हाऱ्यासारखी सांभाळली. काड्यांचा खेळ कोण सांभाळणार? तो पोरकट. ज्याला आपण पोरकट म्हणतो ते प्रथम हरवते, आणि हरवल्यावर शंभर वर्षांनी आपण त्यालाच कलेचा उगम म्हणतो. नारायण धारपांच्या भयकथा आमच्या आजोबांच्या पिढीने पाठ्यपुस्तकाखाली लपवून वाचल्या. २०१८ मध्ये 'तुंबाड' आल्यावर त्याच कथांची चर्चा जाणकार मंडळी गंभीरपणे करू लागली. धारप वाचणारे वाचक होते म्हणून त्या कथा टिकल्या, काड्यांना तसे कोणी भेटले नाही.

आपल्या महाविद्यालयातही स्नेहसंमेलनासाठी मुले दोन-दोन मिनिटांच्या फिल्म करतात. एखाद्या वर्गात कोणी खडूचे तुकडे बाकावर चालवतो, कोणी जिन्यात पांढरी चादर पांघरून भूत होतो. सर्वजण पोट धरून हसतात आणि आठवड्याने ती फिल्म मोबाईलमधून पुसली जाते. त्यांतली प्रत्येक जपण्याजोगी असते असा माझा दावा नाही. परंतु ग्रंथालयाच्या एका कपाटात, वार्षिक अंकांच्या शेजारी, त्यांच्यासाठी थोडी जागा करावी अशी माझी सूचना आहे. कोणती काडी पुढे मोलाची ठरेल, हे १९१५ मध्ये नाशिकला कोणालाच ठाऊक नव्हते.